नातीचा मफलर आणि काउंटी फेअर
विणकामाविषयी वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

प्रश्न: माझी अकरा वर्षांची नात अमेरिकेत इलिनॉय राज्यात राहते. गेल्या डिसेंबरात ती ग्वाल्हेरला आली असताना आमच्या लष्कर भागातील घराच्या गच्चीवर उन्हात बसून मी तिला दोन सुयांचे विणकाम आणि क्रोशा असे दोन्ही शिकवले. तिला ते इतके आवडले की येत्या उन्हाळ्यात तेथील काउंटी फेअर नावाच्या जत्रेतील प्रदर्शनात एक मफलर आणि क्रोशाची एक पिशवी ठेवायचे तिने ठरविले आहे. फोनवरून मी तिला दहा नंबरच्या सुया घ्यायला सांगितल्या. तिच्या आईने तशाच आणल्या, परंतु वीण जाळ्यासारखी विरळ झाली आणि मफलरच्या कडा आत वळू लागल्या. मे महिन्यात मी तिकडे जाणार आहे. तेव्हा चुकलेला भाग मी उसवून नीट करून दिला तर चालेल का? परीक्षक नेमके काय पाहतात? तिचा सहा वर्षांचा भाऊही हट्ट धरून बसला आहे. त्याला काही ठेवता येईल का?
(एक आजी, लष्कर, ग्वाल्हेर)

उत्तर: विरळ विणीचे कारण आधी सांगते, कारण त्यात आपली किंवा नातीची काहीच चूक नाही. आपल्याकडे सुयांचे नंबर जुन्या ब्रिटिश पद्धतीचे आहेत आणि त्यात नंबर वाढला की सुई बारीक होते. अमेरिकेत याच्या नेमके उलट आहे. आपली दहा नंबरची सुई ३.२५ मिलिमीटर जाडीची असते, तर अमेरिकेतील दहा नंबरची सुई ६ मिलिमीटरची, म्हणजे जवळजवळ दुप्पट. आपल्या मनातील सुई त्यांच्याकडे तीन नंबरची म्हणून मिळते. आपली आठ नंबरची म्हणजे ४ मिलिमीटरची सुई तेथे सहा नंबरची असते, आणि त्यांची आठ नंबरची ५ मिलिमीटरची. यापुढे फोनवर नंबर सांगूच नये, मिलिमीटर सांगावेत. हल्ली बहुतेक सुयांवर तेही छापलेले असतात.

सुईइतकेच लोकरीकडेही लक्ष द्यावे. तेथील गुंड्याच्या कागदावर लोकरीची जाडी दाखवणारा शून्य ते सात यांपैकी एक आकडा असतो. चार हा आकडा मध्यम जाडीचा. अशा लोकरीला साधारण ४.५ ते ५.५ मिलिमीटरच्या सुया लागतात आणि दहा सेंटिमीटर रुंदीत सोळा ते वीस टाके बसतात. तीन आकड्याची लोकर थोडी बारीक असते, तिला ३.७५ ते ४.५ मिलिमीटरच्या सुया पुरतात. म्हणून नातीने मफलर पुन्हा सुरू करण्यापूर्वी हातभर नव्हे, वीतभर चौकोन विणावा, तो धुवून वाळवावा आणि पट्टी ठेवून टाके मोजावेत. मुलांना हा चौकोन म्हणजे वेळेचा अपव्यय वाटतो. पण तो जपून ठेवून वस्तूसोबत दाखवला तर मुलीने विचार करून काम केले आहे हे परीक्षकांना न सांगता कळते.

क्रोशाच्या पिशवीबाबतही असाच एक घोटाळा संभवतो. आपल्याकडची पुस्तके ब्रिटिश नावे वापरतात आणि त्यांत ज्याला डबल क्रोशे म्हणतात तो आपला मुका खांब, म्हणजे बुटका टाका, असतो. अमेरिकन पुस्तकात डबल क्रोशे लिहिले असेल तर तो पूर्ण खांब, म्हणजे उंच टाका, समजायचा, आणि मुक्या खांबाला ते सिंगल क्रोशे म्हणतात. आपण एक सांगाल आणि ती दुसरे विणेल, तर पिशवीची उंची पार बदलून जाईल. दोघींनी आपापसांत साखळी, मुका खांब आणि खांब ही मराठी नावेच वापरावीत.

आता कडांविषयी. एक ओळ सुलट आणि एक ओळ उलट अशा सपाट विणीच्या कडा वळतातच. तो त्या विणीचा स्वभाव आहे. इस्त्री करून किंवा ताणून तो कायमचा जात नाही. दोन्ही बाजूंना चार-पाच टाके प्रत्येक ओळीत सुलट विणले आणि सुरुवातीच्या व शेवटच्या सहा-आठ ओळी तशाच ठेवल्या तर मफलर सपाट राहतो. एक सुलट, एक उलट अशी बॉर्डरची वीण सबंध मफलरला घेतली तरी चालेल. विरळ झालेला मफलर उसवावाच लागणार आहे, तेव्हा ही सुधारणा त्याच वेळी होऊन जाईल.

मात्र उसवायचे तिने, आणि विणायचेही तिनेच. आपल्या पत्रातील हाच प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग, आणि तेथील जत्रेत मुलांचा जो विभाग असतो तो बहुतांशी फोर-एच या संघटनेच्या सभासदांचा असतो. १९०२ साली ओहायो राज्यातील क्लार्क काउंटीत ए. बी. ग्रॅहम या शिक्षकाने मुलामुलींचे जे मंडळ सुरू केले, त्यातून ही चळवळ वाढली. डोके, हृदय, हात आणि आरोग्य यांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून तिचे नाव पडले. मुलाने वर्षभर एक प्रकल्प घ्यायचा, तो स्वतःच्या हातांनी पुरा करायचा, त्याची नोंद ठेवायची आणि शेवटी जत्रेत मांडायचा, अशी तेथील रीत आहे. वस्तू दुसऱ्याच्या हाताने सुधारली तर मांडण्यासारखे काही उरतच नाही.

यात माझा स्वतःचा एक अनुभव आहे आणि तो मी अजून विसरलेले नाही. सातवीत असताना शाळेच्या हस्तकला प्रदर्शनात मी बिनबाह्यांचा स्वेटर ठेवला होता. पाठ आणि पोट मी विणले होते; गळ्याची पट्टी मात्र आदल्या रात्री माझ्या आत्याने टाके उचलून विणून दिली. परीक्षक बाईंनी गळ्यावर बोट ठेवून विचारले, "इथे टाके किती उचललेस?" मला सांगता आले नाही. त्यांनी स्वेटर घडी करून खाली ठेवला आणि त्या पुढच्या मुलीकडे वळल्या. आज मी स्वतः अशा प्रदर्शनांत परीक्षक म्हणून बसते तेव्हा त्यांना काय दिसले असेल ते मला कळते: आत्याचा हात घट्ट, माझा सैल, आणि जेथे पट्टी सुरू झाली तेथे वीण एकदम बदललेली. आपला साठ वर्षांचा सराव असलेला हात नातीच्या मफलरमध्ये दोन ओळी जरी विणून गेला तरी तो असाच उठून दिसेल.

शिवाय अनेक काउंटींमध्ये परीक्षक मुलाला समोर बसवून त्याच्याशी बोलतात आणि मगच निकाल देतात. ही लोकर का निवडली, सर्वांत अवघड काय गेले, चूक झाली तेव्हा काय केले, पुढच्या वेळी काय वेगळे करशील, असे प्रश्न असतात. पहिला मफलर विरळ झाला, त्याचे कारण सुईचा नंबर निघाला आणि मग तो उसवून पुन्हा विणला, ही हकीकत नातीने स्वतःच्या शब्दांत सांगितली तर त्याहून चांगले उत्तर दुसरे नाही. पहिल्या विणीचा एक फोटो तिने काढून ठेवावा.

निकालाची पद्धतही आपल्या ओळखीची नाही, म्हणून थोडे समजावून सांगते. तिला डॅनिश पद्धत म्हणतात. तीत पहिला, दुसरा, तिसरा असे क्रमांक नसतात. प्रत्येक वस्तू ठरलेल्या कसोटीवर घासून पाहतात आणि तिला निळी, लाल किंवा पांढरी फीत देतात. निळी सर्वांत वरची, लाल म्हणजे चांगले पण काही उणिवा असलेले, पांढरी म्हणजे बरीच सुधारणा हवी असलेले काम. दहाही मुलांचे काम उत्तम असेल तर दहाही जणांना निळी फीत मिळू शकते, त्यामुळे शेजारच्या मुलीने काय विणले याची चिंता करण्याचे कारण राहत नाही.

मे महिन्यात आपण तेथे गेल्यावर करण्यासारखे पुष्कळ आहे. तिच्या शेजारी आपले स्वतःचे वेगळे विणकाम घेऊन बसावे आणि जे दाखवायचे ते आपल्या सुयांवर दाखवावे. विशेषतः लोकरीची टोके कशी लपवायची ते दाखवा, कारण परीक्षक वस्तू उलटून आधी तेच पाहतात. नवा गुंडा जोडताना गाठ मारू नये. वीतभर टोक सोडावे, शक्यतो कडेला जोडावे, आणि बोथट सुईने ते टोक मागच्या बाजूला आधी एका दिशेला आणि मग परत फिरवून टाक्यांमध्ये ओवावे, म्हणजे धुतल्यावर सुटत नाही. टाके बंद करताना मुले हात फार आवळतात आणि मफलरचे एक टोक दुसऱ्यापेक्षा अरुंद होते. त्या शेवटच्या ओळीसाठी एक नंबर जाड सुई घ्यायला सांगा. दर दहा ओळींनी टाके मोजण्याची सवय लागली तर सुटलेला टाका वेळेवर सापडतो.

शेवटी धुणे. लोकर खरी असेल तर कोमट पाण्यात पंधरा-वीस मिनिटे बुडवून, न पिळता टॉवेलात दाबून, सपाट जागी मापाला टाचण्या लावून वाळवावी. ॲक्रिलिक असेल तर गरम इस्त्री टेकवू नये; वीण मरगळते आणि पुन्हा कधी उभारी धरत नाही. येथून नमुना म्हणून काही नेणार असाल तर ट्रंकेतील डांबरगोळ्यांचा वास त्याला नसावा.

नातीचे नाव फोर-एचमध्ये आधीपासून नोंदलेले असावे लागते. नोंदणीची मुदत जत्रेच्या कितीतरी आधी संपते, म्हणून तिच्या आईने त्या काउंटीचे नियमांचे पुस्तक आजच मागवून घ्यावे. मुदत टळली असली तरी अनेक जत्रांत सर्वांसाठी खुला विभाग असतो आणि त्यात मुलांचा वेगळा गट असतो. नातवाबद्दल म्हणाल, तर पाच ते सात वर्षांच्या मुलांसाठी फोर-एचचा क्लोव्हरबड नावाचा गट आहे. त्यात गुणवारी होत नाही, सहभागाची फीत मिळते. बोटांनी विणलेली साखळी किंवा लोकरीचा गोंडा त्याला सहज करता येईल.

आणखी एक गोष्ट आपल्याला आवडेल म्हणून लिहिते. अमेरिकेतील या जत्रांचे मूळ सांगताना एल्काना वॉटसन याचे नाव घेतात. त्याने १८०७ साली मॅसॅच्युसेट्समधील पिट्सफील्ड गावात दोन मेरिनो मेंढ्या लोकांना पाहण्यासाठी मांडल्या, त्या त्यांच्या लोकरीसाठीच. माधवराव महाराज शिंद्यांनी १९०५ साली सुरू केलेल्या आपल्या ग्वाल्हेरच्या मेळ्यात जनावरांचा बाजार पाहत आपण वाढलो. नातीची जत्राही त्याच जातीची आहे.

प्रश्न: मुरार भागातील आमच्या महिला मंडळातर्फे आठ ते सोळा वर्षांच्या मुलांसाठी विणकामाची स्पर्धा गणेशोत्सवात घेतली जाते. दरवर्षी पहिल्या क्रमांकावरून पालकांमध्ये वाद होतात आणि वस्तू मुलांच्या आहेत की आयांच्या, अशी कुजबुज होते. काय करावे?
(एक कार्यकर्ती, मुरार, ग्वाल्हेर)

उत्तर: प्रथम तारीख बदला. भाद्रपदातील उकाड्यात लोकर हातात धरवत नाही, मग मुले विणणार कधी? त्यामुळेच शेवटच्या आठवड्यात आया मदतीला येतात. दसऱ्याला स्पर्धा जाहीर करावी आणि संक्रांतीनंतर, परीक्षांची धावपळ सुरू होण्यापूर्वी, प्रदर्शन भरवावे; ग्वाल्हेरची थंडी मुलांना आपोआप सुया हातात घ्यायला लावते.

क्रमांक बंद करून वर सांगितलेली फितींची पद्धत स्वीकारावी, असे माझे स्पष्ट मत आहे. कसोट्या आधीच छापून वाटाव्यात: वीण सारखी आहे का, कडा सरळ आहेत का, टोके लपवली आहेत का, वस्तू स्वच्छ आहे का, आणि जिच्यासाठी केली ते काम ती करील का. पाचवी कसोटी विसरू नका, कारण टोपी डोक्यात शिरत नसेल तर तिच्यावरची नक्षी कितीही सुंदर असून उपयोग नाही. आठ वर्षांच्या आणि सोळा वर्षांच्या मुलांना एकाच कसोटीने मोजू नये, निदान तीन वयोगट करावेत. परीक्षण मुलाच्या समोर व्हावे आणि त्या वेळी पालकांनी बाहेर थांबावे. मुलाच्या हातात सुया आणि थोडी लोकर देऊन दोन ओळी विणायला सांगाव्यात. ती परीक्षा आहे असे त्याला वाटू देऊ नये, गप्पा मारत विणू द्यावे. कुजबुज तेथेच थांबेल. आणि प्रत्येकाला फितीसोबत दोन वाक्यांचा लेखी अभिप्राय द्यावा, एक काय चांगले जमले याविषयी आणि एक पुढे काय शिकावे याविषयी. चाळीस मुले असतील तर यासाठी तीन परीक्षक आणि एक पूर्ण दुपार लागेल, त्याची तयारी ठेवा.

प्रश्न: माझा नऊ वर्षांचा मुलगा डावखुरा आहे. त्याला क्रोशा शिकून शाळेच्या प्रदर्शनात ठेवायचा आहे, पण मी दाखवते ते त्याच्या हाताला उलटे पडते.
(एक आई, ग्वाल्हेर)

उत्तर: त्याला शेजारी न बसवता समोर बसवा. आपण उजव्या हाताने जे कराल ते तो आरशात पाहिल्यासारखे डाव्या हाताने करील. तो प्रत्येक ओळ डावीकडून उजवीकडे विणेल आणि गोल वीण घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरेल. ते बरोबरच आहे, त्याला उजव्या हाताची सवय लावू नका. चौकटींचा नमुना पाहून फुले किंवा अक्षरे विणायची असतील तर मात्र काळजी घ्या, कारण तो नमुना उजव्या हाताच्या क्रमाने वाचून विणला तर चित्र उलटे उमटते. फुलाला त्याने काही बिघडत नाही; पिशवीवर नाव घालायचे असेल तर पहिली ओळ नमुन्याच्या डाव्या टोकापासून वाचायला सांगा.