११२चं रेकॉर्डिंग : मागण्याआधी ते पुसलं जाणार नाही हे बघा

प्रश्न : सोसायटीच्या पार्किंगवरून मारामारी झाली, तेव्हा ११२ला फोन मीच केला. समोरच्यांनी उलट माझ्यावरच गुन्हा नोंदवला. आधी फोन कोणी केला हे सिद्ध करण्यासाठी माहितीच्या अधिकारात रेकॉर्डिंग मागितलं, तर ‘वैयक्तिक माहिती’ म्हणून नाकारलं. आता काय करू?
– एक वाचक, सिंहगड रस्ता

उत्तर : घटना जानेवारीतली, अर्ज मार्चअखेरचा, नकार एप्रिलमधला आणि मला पत्र जुलैत! पहिलं अपील ३० दिवसांत करायचं असतं, हे नकाराच्या पत्रातच लिहिलेलं असतं. अशी पत्रं माझ्याकडे बरीच येतात आणि बहुतेकांत कायद्यापेक्षा कॅलेंडरच आडवं आलेलं असतं.

तुमचं सगळं प्रकरण एकाच गोष्टीवर अडलंय : ते रेकॉर्डिंग अजून आहे का? अशी रेकॉर्डिंग्ज कायमची ठेवत नाहीत, मुदत संपली की पुसली जातात. तुमचं अपील प्रलंबित आहे म्हणून कोणी थांबत नाही. तेव्हा आधी, अगदी उद्याच, एक पत्र द्या : अमुक तारखेला, अमुक वेळी, माझ्या या नंबरवरून आलेल्या कॉलचं रेकॉर्डिंग आणि त्याची घटना-नोंद गुन्ह्याच्या तपासाशी संबंधित आहे, ती जपून ठेवावी. चौकीत देऊन भागणार नाही. ११२चे कॉल घेणारं राज्याचं मुख्य केंद्र नवी मुंबईत आहे. एक प्रत तिथे, एक पुण्याच्या पोलीस नियंत्रण कक्षाला, एक तपास अधिकाऱ्याला. प्रत्येकाची पोच घ्या.

अपिलाचं म्हणाल तर उशीर माफ होऊ शकतो, कारण सबळ हवं. स्वतःच्याच कॉलला ‘वैयक्तिक माहिती’चं कलम लावणं मला लंगडं वाटतं. पण नोव्हेंबर २०२५पासून माहिती अधिकार कायद्यातलं हे कलम, ८(१)(जे), आतले अपवाद गळून फारच आखूड झालंय, आता भिस्त ८(२)मधल्या जनहितावर. दुसरं अपील राज्य माहिती आयोगाकडे गेलं की किती रखडतं, हे पुण्यात वेगळं सांगायला नको. अपील करा, पण त्याच्या भरवशावर बसू नका.

खरा रस्ता शिवाजीनगर कोर्टातून जातो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४खाली न्यायालय रेकॉर्डिंग हजर करायला सांगू शकतं. आरोपीला मात्र ‘बचावाच्या वेळी बघू’ असं उत्तर मिळण्याची शक्यता दाट आहे. म्हणून मागणी दोन टप्प्यांत करा : आज फक्त जतनाचा आदेश, हजर करण्याचं नंतर. जतनाला न्यायाधीश सहसा फार खळखळ करत नाहीत, तरी हमी देत नाही. हजर करण्याच्या अर्जात इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत लागणारं, भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३(४)चं प्रमाणपत्रही मागा. जालन्याच्या खोतकर-गोरंट्याल निवडणूक वादात सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली अशा प्रमाणपत्राची सक्ती स्पष्ट केली. ते नसेल तर सीडी हातात असून उपयोग नाही.

आणि रेकॉर्डिंग पुसलं गेलंच असेल तर? तुम्हाला सिद्ध काय करायचंय, फोन आधी कोणी केला एवढंच ना! ते मोबाइल कंपनीच्या कॉल नोंदींत दिसायला हवं, आणि त्या कंपन्यांना दोन वर्षं ठेवाव्या लागतात. न्यायालयामार्फत त्याही मागवा.

समोरच्यांनीही ११२ला फोन केला असेल, तर तो तुम्हाला माहितीच्या अधिकारात मिळण्याची आशा धरू नका, आणि ते योग्यच आहे. आपला आवाज उद्या शेजारी ऐकणार असं वाटलं, तर मार खाणारी बाई ११२ फिरवणार नाही. त्यासाठीच, मदत मागणाऱ्याची ओळख आणि सुरक्षितता जपणारं, ८(१)(जी) आहे.

रेकॉर्डिंग सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकण्याचा बेत तुम्ही पत्राच्या शेवटी लिहिलाय, तो आत्ताच सोडा. त्यात तुमच्याबरोबर इतरांचे आवाज आहेत, कदाचित एखाद्या मुलाचं रडणंही. शिवाय प्रकरण न्यायालयात असताना ते फिरवलंत, तर उलटतपासणीतला पहिला प्रश्न समोरच्या वकिलाला तुम्हीच पुरवाल.