ड्रममधला डेलिया कुजला, का?

प्रश्न : जळगावात गच्चीवर २०० लिटरचा प्लास्टिक ड्रम मधोमध कापून शेतातली काळी माती भरली. जूनमध्ये डेलियाचे कंद लावले, सगळे कुजले.

उत्तर : काळी माती पाणी धरून बसते, त्यात पावसाळा. कंद कुजणारच. आता ऑक्टोबरचा उकाडा सरला की लावा. ड्रमच्या तळाला बोटभर जाडीची आठ-दहा भोकं पाडा, ड्रम विटांवर ठेवा. दोन भाग पोयटा (गाळाची माती), एक भाग मुरलेलं शेणखत, एक भाग जाड वाळू. कंद चार इंच खोल, डोळा (कोंब फुटतो ती जागा) वर. डोळाच नसेल तर कितीही जाडजूड कंद फुटत नाही. आधाराची काठी तेव्हाच रोवा, नंतर रोवली तर कंदात घुसते. कोंब दिसेपर्यंत नुसता शिडकावा. चार पानजोड्यांवर शेंडा खुडा.