अटारी २६०० वरच्या 'स्पेस इन्व्हेडर्स'मध्ये शत्रू कमी का दिसतात?

अटारी २६०० हे जुने घरगुती व्हिडिओगेम यंत्र. त्यावर 'स्पेस इन्व्हेडर्स' हा शत्रूंच्या रांगा गोळ्या झाडून पाडायचा खेळ खेळताना शत्रू कमी दिसले, तरी तुमची कॅसेट खराब किंवा नकली नाही. अटारी २६०० वरच्या 'स्पेस इन्व्हेडर्स'मध्ये ५५ ऐवजी ३६च शत्रू आहेत, आणि ते मुद्दाम तसे केलेले आहे. तैतो कंपनीच्या १९७८ च्या मूळ आर्केड मशीनमध्ये (नाणे टाकून खेळायच्या यंत्रात) ११ जणांच्या ५ रांगा होत्या. अटारीची घरगुती आवृत्ती १९८० मध्ये आली, तिच्यात ६ जणांच्या ६ रांगा. कारण यंत्राच्या रचनेत आहे. २६०० ची चित्र काढणारी चिप एका आडव्या ओळीत 'प्लेअर' नावाच्या फक्त दोनच हलत्या आकृत्या दाखवू शकते, मात्र प्रत्येकीच्या तीन प्रती आपोआप काढून देते. दोन गुणिले तीन, म्हणून एका रांगेत सहा! शिवाय मेमरी अवघी १२८ बाइट. एवढ्यात हा खेळ बसवणाऱ्या रिक मॉरर यांचे काम मला आजही थक्क करते. खेळाडूला आडोसा देणाऱ्या ढालीसुद्धा चारऐवजी तीनच आहेत.

पण कमी शत्रू म्हणजे कमी खेळ, असे मात्र समजू नका. या कॅसेटमध्ये खेळाचे ११२ प्रकार आहेत: सरकत्या ढाली, नागमोडी पडणारे बॉम्ब, अदृश्य शत्रू, आणि दोघांनी एकाच वेळी खेळायची सोय. ही शेवटची गोष्ट मूळ मशीनवर नव्हती, तिथे आळीपाळीनेच खेळावे लागे. अगदी आर्केडसारखी मांडणी हवी असेल, तर तैतोनेच १९८५ मध्ये फॅमिकॉमसाठी (निन्टेंडोच्या घरगुती गेम यंत्रासाठी) काढलेली आवृत्ती शोधा.