रात्रीची वाटणी

पत्र : माझी मुलगी आठ महिन्यांची आहे. रात्रीतून पाच-सहा वेळा उठते आणि अंगावर घेतल्याशिवाय झोपत नाही. माझी 26 आठवड्यांची रजा संपली, दोन महिन्यांपूर्वी कामावर रुजू झाले. नवऱ्याची सकाळी सहाची शिफ्ट, म्हणून तो बाहेरच्या खोलीत झोपतो. सासूबाई म्हणतात, तुझं दूध पुरत नाही, रात्री नाचणीसत्त्व घालून बाटली लाव. शेजारच्या काकू म्हणाल्या, सर्दीचं औषध थोडं दे, मुलं गाढ झोपतात. गेल्या आठवड्यात पहाटे मी तिला गादीवर जवळजवळ आपटलंच. मग तीही रडली, मीही. मी वाईट आई आहे का? – एक आई, चिंचवड

उत्तर :

नाही गं, वाईट आई नाहीस. महिनोन्महिने सलग तीन तास झोप न मिळालेल्या कुणाच्याही हातून असं होऊ शकतं. पण त्या पहाटेकडे दुर्लक्षही करू नकोस. पुन्हा तसा संताप आला तर तिला पाळण्यात पाठीवर निजव, दार ओढून बाहेर ये आणि नवऱ्याला उठव, मग त्याची शिफ्ट कितीची का असेना. पाच-दहा मिनिटं रडल्याने तिला काही होणार नाही. चिडून गदगदा हलवलं मात्र, तर एवढ्या लहान मुलाच्या मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो.

सर्दीचं औषध अजिबात नाही. त्याने येते ती गुंगी, आणि गुंगीत तान्ह्या मुलाचा श्वास मंदावू शकतो. सर्दीच्या ज्या औषधांत क्लोरफेनिरामाइन आणि फिनाइलेफ्रिन एकत्र असतं, ती चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नयेत असा इशारा बाटलीवर छापायला केंद्रीय औषध नियंत्रकांनी 2023 मध्ये सांगितलं आहे. शंभर वर्षांपूर्वी मुंबईच्या गिरण्यांत जाणाऱ्या बायका तान्ह्यांना अफूची गोळी देऊन निजवत. त्या निर्दय नव्हत्या. मूल धरायला दुसरं कुणी नव्हतं. तुझ्या घरात आहे, म्हणून तर मला पुढचं सगळं लिहावंसं वाटतं.

आधी ती का उठते ते बघू. या वयात झोपेचं एक आवर्तन तासाभराचं असतं. प्रत्येक आवर्तनाच्या शेवटी मूल अर्धवट जागं होतं. आपणही होतो, पण कूस बदलून पुन्हा झोपतो. ती तुझ्या कुशीत दूध पीत झोपलेली असते आणि डोळे उघडतात तेव्हा पाळण्यात असते, मग ती तुला शोधते. त्यात आठवा महिना म्हणजे रांगणं, दात, आणि आई नजरेआड झाली की जीव घाबरा होणं. शिवाय तू दिवसभर घरी नसतेस. कामावर जाणाऱ्या आईचं मूल दिवसा कमी पितं आणि राहिलेलं रात्री वसूल करतं, असं पुष्कळदा होतं.

म्हणजे दूध कमी पडतंय असं नुसत्या उठण्यावरून म्हणता येत नाही. वजन नीट वाढतंय ना, दिवसातून सहा-सात वेळा शू होते ना, एवढं बघ. सासूबाईंचं नाचणीसत्त्व उत्तमच आहे, पण ते संध्याकाळी सात-साडेसातला, वाटी-चमच्याने. बाटलीत घालून नको, घशात अडकू शकतं. आणि ते खाल्लं म्हणून ती रात्रभर झोपेल ही आशा धरू नकोस. कामावरून आल्या आल्या तिला जवळ घे, पोटभर पाजव. झोपवताना मात्र डोळे पूर्ण मिटायच्या थोडं आधी पाळण्यात ठेवून थोपटून बघ. रात्री दिवा मंद, मोबाइल दूर. पाजून दोन तासही झाले नसतील तर आधी नुसतं थोपट. तिला एकटीला रडू देऊन सवय लावा असं मी सांगणार नाही. तुझ्याच्याने ते होणार नाही आणि त्याची गरजही नाही.

नवव्या महिन्यानंतर गोवर-रुबेलाच्या लसीला नेशील तेव्हा डॉक्टरांना लोहाच्या थेंबांबद्दल विचार. अंगावर पिणाऱ्या मुलांचा जन्मजात लोहाचा साठा सहा महिन्यांच्या आसपास सरत येतो आणि लोह कमी असलं तरी झोप अस्वस्थ होते. घोरत असेल, वजन थांबलं असेल, ताप असेल तर लसीची वाट बघू नकोस. स्वतःचं हिमोग्लोबिन आणि थायरॉइडही तपासून घे. मूल झोपलं तरी तुला झोप येत नसेल, किंवा तिला वा स्वतःला काही करून टाकावं असं मनात येत असेल, तर त्याच क्षणी घरच्यांना सांग आणि टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला 14416 वर फोन कर. रात्रीही लागतो, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं.

आता खरा मुद्दा. एवढं सगळं केलंस तरी ती एक-दोनदा उठेलच, आठव्या महिन्यात ते ठीकच आहे. ठीक नाही ते हे, की प्रत्येक वेळी तूच उठतेस. कायद्याने आईला 26 आठवडे रजा दिली, खासगी नोकरीतल्या बापाला एक दिवसही नाही. त्यामुळे रात्रीचं बाळ आईचं, ही वाटणी पहिल्याच महिन्यात ठरून जाते. आई कामावर जाऊ लागली तरी ती कुणी बदलत नाही. तुझ्याही नोकरीला सकाळ आहेच की!

म्हणून असं करा. नऊ वाजता तू पाजायचंस आणि बाहेरच्या खोलीत जाऊन झोपायचंस. एक वाजेपर्यंत मुलगी बाबाची. उठली तर तो खांद्यावर घेईल, थोपटेल, वाटीने दोन घोट पाणी देईल. दुधाचा वास नसलेल्या माणसाकडे मुलं कधीकधी लवकर शांत होतात. फक्त सोफ्यावर तिला छातीशी घेऊन त्याने डुलकी काढायची नाही, ते धोक्याचं आहे. एकनंतर तू, आणि तो बाहेर पाचपर्यंत सलग झोपेल. तो निघाला की तासभर सासूबाईंकडे दे, त्यांना ते आवडेल असं वाटतं. साप्ताहिक सुट्टीच्या आदल्या रात्री पहाटेची पाळीही त्याची.

हे त्याच्याशी रात्री भांडणात नको, सुट्टीच्या दुपारी बोल. सासूबाईंनाही समोर बसव. पहिल्या काही रात्री ती बाबाकडे जास्त रडेल, सासूबाई म्हणतील, 'अगं, घे की तिला.' तू उठू नकोस. त्याला त्याची पद्धत सापडू दे.