१९११ पिस्तूल: घोडा ताणलेला, सेफ्टी लावलेली

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: टेक्ससमध्ये राहता, ग्रीन कार्ड आहे, स्वसंरक्षणासाठी ५ इंची नळीचे .४५ एसीपी (काडतुसाचा प्रकार) चे १९११ घेतले आहे. दुकानदाराने सांगितले की चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाची, काडतूस उडते ती जागा) काडतूस, घोडा ताणलेला आणि सेफ्टी लावलेली, अशाच स्थितीत ते बाळगायचे. तो मागे ताणलेला घोडा बघून घरच्यांच्या पोटात गोळा आला. म्हणून विचारताय, घोडा हळूच खाली उतरवून ठेवला तर चालेल का, की चेंबरच रिकामे ठेवू?

दुकानदार बरोबर सांगतोय. भरलेल्या चेंबरवर घोडा कधीही उतरवू नका. चेंबर रिकामे ठेवायला हरकत नाही, पण ते शिकत असेपर्यंत.

आधी शब्द पक्के करू, कारण बोलताना आपण चापालाही घोडाच म्हणतो. इथे घोडा म्हणजे मागचा हॅमर आणि चाप म्हणजे बोटाने ओढायचा ट्रिगर. सिंगल अ‍ॅक्शन म्हणजे चापाला एकच काम: ताणलेला घोडा सोडणे. घोडा ताणायचे काम स्लाइड (पिस्तुलाचा वरचा, मागेपुढे सरकणारा भाग) करते किंवा तुमचा अंगठा करतो. म्हणून चाप हलका आणि कमी अंतराचा असतो, नेम चांगला लागतो. आणि त्याच कारणाने चूक माफ होत नाही.

अमेरिकन सैन्याने हे पिस्तूल मार्च १९११ मध्ये स्वीकारले. पिस्तुलाचा रचनाकार जॉन ब्राउनिंग याच्या आधीच्या नमुन्याला अंगठ्याची सेफ्टी नव्हती, ती घोडदळाच्या मागणीवरून आली. एका हातात लगाम, खाली बिथरलेले जनावर, अशा वेळी दुसऱ्या एकाच हाताने पिस्तूल सुरक्षित करता यावे, हा हेतू. ही सेफ्टी घोडा ताणलेला असतानाच लागते, उतरलेल्या घोड्यावर ती वर जातच नाही. म्हणजे ‘ताणलेला घोडा आणि लावलेली सेफ्टी’ ही पिस्तुलाच्या रचनेतच धरलेली स्थिती आहे. इकडे नेमबाजीच्या रेंजवर तिला ‘कंडिशन वन’ किंवा ‘कॉक्ड अँड लॉक्ड’ म्हणतात.

आत काय होते ते बघा. सेफ्टी वर केली की तिचा आतला भाग सिअरच्या मागे येऊन बसतो. सिअर म्हणजे घोड्याला अडवून धरणारा छोटा तुकडा. तो हलला नाही तर घोडा सुटत नाही. मुठीच्या मागची ग्रिप सेफ्टी वेगळी: ती तळहाताने दाबली जात नाही तोवर चापाला मागे सरकू देत नाही. आणि चुकून सिअर घसरलाच तर घोड्यावरची हाफ-कॉक खाच त्याला अर्ध्यात पकडते. ती खाच पकडण्यासाठी आहे, घोडा तिथे मुद्दाम ठेवून फिरण्यासाठी नाही.

आता ‘हळूच उतरवणे’. त्यासाठी सेफ्टी काढायची, ग्रिप सेफ्टी दाबायची, चाप ओढायचा आणि जोरदार स्प्रिंगखालचा घोडा अंगठ्याने धरून खाली न्यायचा, तोही भरलेल्या चेंबरवर. घामेजलेला किंवा तेलकट अंगठा एकदा निसटला की गोळी सुटते. नव्या पिस्तुलांत घोड्याचा दांडा लहान आणि गोल असतो, मागे ग्रिप सेफ्टीची लांब शेपटी येते, त्यामुळे अंगठ्याला धड पकडही मिळत नाही. शिवाय असे ठेवलेले पिस्तूल वेळेवर वापरायचे तर घोडा पुन्हा अंगठ्याने ताणावा लागतो. पत्करलेल्या धोक्याच्या बदल्यात हाती काहीच लागत नाही.

चेंबर रिकामे ठेवले तर स्लाइड ओढायला दुसरा हात लागतो. हल्ला झाला त्या क्षणी तो हात मोकळा असेल याची खात्री नसते. कडेवर मूल असते, कोणी मनगट धरलेले असते. तरीही पहिले काही आठवडे असेच, रिकाम्या चेंबरवर घोडा ताणून आणि सेफ्टी लावून बाळगा. संध्याकाळी पट्टा काढताना सेफ्टी रोज जिथल्या तिथे दिसली, तर पुढचे पाऊल टाका.

नवे असो वा जुने, बाळगण्याआधी पिस्तुलाची तपासणी करा. मॅगझिन (मुठीत बसणारी काडतुसांची पेटी) बाहेर, चेंबर रिकामे, आधी डोळ्यांनी आणि मग करंगळीने खात्री. काडतुसे दुसऱ्या खोलीत. घोडा ताणा, सेफ्टी लावा, मूठ नीट धरून चाप जोराने दाबा आणि सोडा. मग चापाला हात न लावता सेफ्टी काढा. घोडा पडला तर सेफ्टी नीट बसवलेली नाही. नाही पडला तर पिस्तूल कानाजवळ धरून घोडा अंगठ्याने किंचित मागे ओढा. बारीकसा ‘टिक’ ऐकू आला तर सेफ्टी लावलेली असतानाही सिअर थोडा सरकला होता, आणि ते पिस्तूल आधी गनस्मिथकडे, म्हणजे बंदुका दुरुस्त करणाऱ्याकडे, गेले पाहिजे. त्यानंतर ग्रिप सेफ्टी न दाबता, फक्त पुढून मूठ धरून चाप ओढून बघा, घोडा पडता कामा नये. शेवटी स्लाइड मागे अडकवून ठेवा, रिकामे मॅगझिन घालून स्लाइड सोडा: घोडा ताणलेलाच राहिला पाहिजे. स्लाइडबरोबर तोही खाली गेला तर सिअरची धार झिजली आहे किंवा कोणीतरी चाप हलका करायला ती घासली आहे. बाळगायच्या पिस्तुलाचा चाप ४ ते ५.५ पौंड, म्हणजे साधारण १.८ ते २.५ किलो असावा. स्पर्धेसाठीचा दोन-अडीच पौंडी चाप कमरेला नको.

भरताना काडतूस नेहमी मॅगझिनमधूनच चेंबरमध्ये जाऊ द्या. सुटे काडतूस चेंबरमध्ये टाकून वर स्लाइड आपटायची नाही. १९११ चा एक्स्ट्रॅक्टर, म्हणजे उडालेल्या काडतुसाचे रिकामे कवच (केस) बाहेर ओढणारा भाग, ही स्प्रिंग पोलादाची एकच लांब पट्टी असते. मॅगझिनमधून वर येणाऱ्या काडतुसाची कड तिच्या आकड्याखाली आपोआप सरकते. सुट्या काडतुसावर मात्र तिला उडी मारावी लागते, तिचा ताण जातो, आणि पुढे रिकामे केस नीट बाहेर पडेनासे होते. म्हणून: नळीचे तोंड सुरक्षित दिशेला, बोट चापाबाहेर, मॅगझिन घाला, स्लाइड पूर्ण ओढून सोडा, लगेच सेफ्टी. मग मॅगझिन काढून त्यात एक काडतूस वाढवा.

रिकामे करताना एक गोष्ट नवख्याला दचकवते. सेफ्टी लावलेली असताना स्लाइड हलत नाही. म्हणजे रिकामे करायला सेफ्टी काढावीच लागते. क्रम चुकवू नका: बोट बाहेर, आधी मॅगझिन काढा, मग सेफ्टी खाली, मग स्लाइड ओढा. मॅगझिन आत असतानाच स्लाइड ओढली तर पहिले काडतूस बाहेर पडेल आणि दुसरे आत जाऊन बसेल. रोज रात्री रिकामे आणि सकाळी भरणे याचा आणखी एक तोटा आहे. तेच काडतूस दर वेळी रॅम्पवर (चेंबरच्या तोंडाशी असलेल्या उतारावर) आपटते आणि त्यातली गोळी केसमध्ये थोडीथोडी मागे सरकते. दारूला जागा कमी पडते, उडवताना दाब वाढतो. नव्या काडतुसाशेजारी ते उभे करून बघा. उंचीत फरक डोळ्याला जाणवला तर ते बाजूला ठेवा. त्यापेक्षा सोपे म्हणजे भरलेले पिस्तूल होल्स्टरसकट (कमरेच्या म्यानासकट) काढायचे आणि तसेच छोट्या कुलपाच्या तिजोरीत ठेवायचे. घरात मुले असतील तर तिजोरीला पर्याय नाहीच.

होल्स्टरवर कंजुषी नको. तो खास तुमच्या मॉडेलचा, कडक कायडेक्सचा (एक ताठ प्लास्टिक) किंवा जाड चामड्याचा हवा. चापाचा घेर पूर्ण झाकणारा, आणि पिस्तूल काढल्यावरही तोंड उघडे राहणारा. वापरून मऊ पडलेल्या चामड्याची कड आत दुमडते आणि परत ठेवताना तीच चाप ओढते. पट्टाही दीड इंची आणि ताठ हवा, कारण पूर्ण पोलादी ५ इंची पिस्तूल रिकामेच १.१ किलोच्या घरात जाते. बसताउठता सेफ्टी आपोआप खाली जाते, ही तक्रार बहुतेक वेळा दोन्ही बाजूंना पाती असलेल्या सेफ्टीची असते, बाहेरचे पाते कपड्याला किंवा सीटच्या पट्ट्याला घासते. तुम्ही उजवे असाल तर एकाच बाजूची, अरुंद पात्याची सेफ्टी बसवून घ्या. तीही काढता-लावताना स्पष्ट ‘टक’ करणारी हवी.

काढताना मूठ होल्स्टरमध्येच पूर्ण पक्की करा, अंगठा सेफ्टीच्या वर. नळी समोर वळल्यावर सेफ्टी खाली, आणि अंगठा तिथेच दाबून राहील. नेम ठरेपर्यंत बोट फ्रेमवर सरळ. काहींचा अंगठा असा वर राहिला की तळहातात पोकळी पडते आणि ग्रिप सेफ्टी दाबलीच जात नाही. चाप ओढला तरी काही होत नाही. खालच्या बाजूला उंचवटा असलेली ग्रिप सेफ्टी बसवली की हा प्रश्न मिटतो.

परत ठेवताना घाई कसलीच नसते आणि अपघात जास्त इथेच होतात. बोट बाहेर, सेफ्टी वर, शर्ट आणि जॅकेटची दोरी बाजूला, नजर होल्स्टरच्या तोंडावर, अंगठा घोड्याच्या मागे. आत जाताना काही अडले तर अंगठ्याला घोडा हलल्याचे कळते. अडले की ढकलू नका, बाहेर काढून बघा.

देखभालीत रिकॉइल स्प्रिंगकडे, म्हणजे स्लाइडला परत पुढे ढकलणाऱ्या स्प्रिंगकडे, लक्ष द्या. ५ इंची .४५ ला नेहमीची १६ पौंडी स्प्रिंग असते, २,००० ते ३,००० फैरींनंतर बदला. अडखळण्याचे मूळ पुष्कळदा मॅगझिनमध्येच असते, म्हणून मॅगझिनांवर क्रमांक टाका आणि जे अडखळते ते फक्त सरावाला ठेवा. बाळगायची पोकळ टोकाची काडतुसे त्याच मॅगझिनमधून किमान २०० तरी विनाअडथळा चाललेली हवीत.

घरच्यांना सिंगल अ‍ॅक्शन रिव्हॉल्व्हर साधे वाटते, असेही लिहिलेत. १८७३ च्या कोल्टच्या धर्तीवरच्या रिव्हॉल्व्हरमध्ये घोडा उतरलेला असला की त्याची पिन थेट काडतुसाच्या टोपीवर टेकते. खाली पडले की सुटू शकते. म्हणून सहाच्या जागी पाचच भरतात: एक भरा, एक घर सोडा, चार भरा, घोडा पूर्ण ताणा आणि उतरवा, तो रिकाम्या घरावर येतो. रूगर कंपनीने १९७३ पासूनच्या मॉडेलांत ट्रान्सफर बार (चाप ओढल्यावरच घोड्याचा ठोका पिनपर्यंत पोचवणारी पट्टी) दिल्यामुळे त्यांत सहा भरता येतात. तरी दर फैरीला घोडा ताणणे आणि बाजूच्या झडपेतून एकेक काडतूस भरणे, हे रानात ठीक आहे, शहरात मी सुचवणार नाही.

कायद्याचे दोन शब्द, कारण इथले बरेच मराठी लोक व्हिसावर आहेत. तुमचे ग्रीन कार्ड आहे म्हणून तुम्हाला चालते. एच-१बी किंवा एफ-१ वर असलेल्याला संघराज्याच्या कायद्याने बंदूक बाळगायलाच मनाई आहे, शिकारीच्या परवान्यासारखे मोजके अपवाद सोडून. तेव्हा व्हिसावर आलेल्या भावाच्या हाती ‘जरा सांभाळ’ म्हणून देऊ नका. टेक्ससमध्ये १ सप्टेंबर २०२१ पासून २१ वर्षे पूर्ण झालेल्या पात्र व्यक्तीला परवान्याशिवाय बाळगता येते, तरीही परवाना काढा. शाळेपासून १,००० फुटांच्या आतल्या संघराज्याच्या बंदीतून सूट परवानाधारकालाच मिळते, आणि मुलांना शाळेत सोडायचे म्हटले की तिथून जावे लागतेच. दारावर लाल ५१% ची पाटी (निम्म्याहून जास्त कमाई जागेवर प्यायच्या दारूतून) असलेल्या बारमध्ये परवाना असला तरी नेता येत नाही.

आणि रेंजला नेता ती बॅग भारताच्या प्रवासाला कधीच वापरू नका. अस्तरात राहिलेले एक काडतूस मुंबई विमानतळावर क्ष-किरणात दिसले की १९५९ च्या शस्त्र कायद्याचे प्रकरण उभे राहते, टेक्ससचा परवाना तिथे कामाला येत नाही.