औषधांची पिशवी आधी उघड

चि. डॉक्टरीणबाईंस अनेक आशीर्वाद,

एमडीनंतर वृद्धांच्या मनोविकारांकडेच वळायचं ठरवलंस हे वाचून बरं वाटलं. इकडे गर्दी कमी. 'म्हाताऱ्यांचं आता काय बरं होणार' असं आपल्यातलेच लोक म्हणतात ना, म्हणून! माझं मत उलटं आहे. या वयात बरं होण्यासारखं पुष्कळ असतं, पण ते डिमेन्शियाच्या, म्हणजे स्मृतिभ्रंशाच्या, नावाखाली झाकलं जातं.

तेव्हा पहिला प्रश्न विचारायचा तो 'कधीपासून?' 'वर्ष-दोन वर्षं हळूहळू' हे एक उत्तर झालं. 'मागच्या मंगळवारपर्यंत स्वतः दूध आणत होते' हे अगदीच वेगळं. चार दिवसांत माणूस बदलला, दुपारी बरा असतो आणि रात्री चादरीवरचे नसलेले किडे वेचतो, तर डिलिरियम, म्हणजे शरीरातल्या बिघाडाने अचानक आलेला भ्रम, धरूनच चाल. लघवीचा संसर्ग, न्यूमोनिया, उतरलेलं सोडियम, तुंबलेली लघवी, चार-पाच दिवस न झालेली संडास, यातलं काहीतरी बहुधा हाती लागेल. रविवारपासून वार उलटे म्हणायला लाव. गुरुवारपाशीच भरकटले तर लक्ष टिकत नाहीये. आरडाओरडा करणारे आजोबा सगळ्यांना दिसतात. कोपऱ्यात गप्प पडून राहिलेल्या आजींचा डिलिरियम मात्र 'वय झालं' म्हणून सुटतो आणि कळेपर्यंत उशीर होतो.

मग औषधं. नुसत्या चिठ्ठ्या बघू नकोस, घरातली अख्खी पिशवी मागव आणि टेबलावर ओत. बीपी, साखर, प्रोस्टेट, गुडघे, प्रत्येकाचा डॉक्टर निराळा, आणि पूर्ण यादी कुणाकडेच नाही. त्यात सर्दीची क्लोरफेनिरामिनवाली गोळी निघेल, झोपेसाठी दिलेलं अमिट्रिप्टिलिन निघेल, थरथरीसाठीचं ट्रायहेक्सिफेनिडिल निघेल. तिन्ही अ‍ॅसिटिलकोलिनच्या आड येतात; मेंदूत निरोप पोचवणारं हे रसायन, आणि स्मृतीची तर भिस्त त्याच्यावर. नेहमी दिसणारा मासला सांगतो. विसरभोळेपणासाठी डोनेपेझिल सुरू होतं, त्याने लघवीची घाई लागते. ती घाई घेऊन आजोबा दुसऱ्या डॉक्टरांकडे जातात आणि ऑक्सिब्युटिनिन आणतात, जे पहिल्याच्या बरोब्बर विरुद्ध काम करतं. आजोबा इमानेइतबारे दोन्ही घेतात. विसरणं तसंच, वर तोंड कोरडं आणि पोट साफ नाही. अशा वेळी गोळ्या काढणं हाच उपचार, पण एकेक करून. झोपेसाठी वर्षानुवर्षं घेतलेलं अल्प्राझोलाम एकदम बंद केलंस तर झटके येऊ शकतात.

स्वतः लिहिताना हात आखडता ठेव. उदासीवरचं एस्सिटालोप्राम ५ मिलिग्रॅमने सुरू कर, १० च्या वर जाऊ नकोस, आणि दोनेक आठवड्यांनी सोडियम उतरलं नाही ना ते बघ; बीपीसाठी लघवी वाढवणारं थायझाइड चालू असेल तर चुकवूच नकोस. डिमेन्शियातल्या चिडचिडीवर अँटिसायकॉटिक, म्हणजे भास-भ्रमांवरचं औषध, लिहिण्याआधी थांब. त्याने मृत्यूचा धोका वाढतो, हा इशारा अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने, एफडीएने, २००५ मध्येच दिला आहे. पुष्कळदा कारण दुखरा गुडघा किंवा किडलेली दाढ असते आणि पॅरासिटामॉलवर भागतं.

उदासी इथे स्वतःच्या नावाने येत नाही. 'पोटात वायगोळा उठतो', 'जीव घाबरतो', 'करमत नाही' म्हणत येते, तोवर ईसीजी आणि दुर्बिणीची तपासणी होऊन गेलेली असते.

चाचण्यांचे आकडे जपून वाच. स्मरणशक्ती तपासणाऱ्या १९७५ च्या एमएमएसई चाचणीत वाक्य लिहून दाखवायचं असतं; शाळेची पायरी न चढलेल्या आजींचे गुण तिथेच जातात. मी तारखेऐवजी एकादशी झाली का ते विचारतो. भाजीत मीठ दोनदा पडतं का, सुटे पैसे मोजता येतात का, हेही. त्याआधी कानात मळ नाही ना, ते बघ!

फाईल हातात धरून बोलणारा मुलगा बहुधा कालच गावाहून आलेला असतो. रात्री उठणारी सून दाराशी उभी असते. तिला खुर्ची दे आणि रात्री कितीदा उठावं लागतं ते विचार; खरी हकिगत तिच्याकडे आहे. मग सगळ्यांना बाहेर पाठवून आजोबांशी एकट्याने बोल. जगणं नकोसं वाटतं का, पेन्शन कोण काढतं, कुणी हात उगारतं का, हे स्पष्ट विचार. ज्येष्ठांच्या मदतीचा १४५६७ हा क्रमांक भिंतीवर लावून ठेव.

ओपीडी सकाळची घे. डिमेन्शियाची माणसं संध्याकाळी जास्त अस्वस्थ होतात. खोली तळमजल्यावरची, संडासाजवळची मागून घे आणि नव्या रुग्णाला निदान पाऊण तास ठेव. व्यवस्थापन कुरकुरेल. कुरकुरू दे.

तुझा,
सर