टेकन ४ ला लोक एवढी नावं का ठेवतात? जुन्या पीएस२ वर खेळण्यासारखी आहे का?

तुम्ही विचारलंय की सेकंडहँड पीएस२ (म्हणजे प्लेस्टेशन २) घेतला, सोबत टेकन ४ या मारामारीच्या गेमची सीडी आली, आणि जो तो म्हणतो की सगळ्या टेकनमधे हीच सगळ्यात जास्त निराश करते, मग लावू की नको. लावा ना भो, सीडी घरात आलेलीच आहे, पैसे थोडीच जाणार आहेत. पण लोक असं का म्हणतात ते सांगतो, कारण भुसावळला आमच्या एरियातल्या व्हिडिओ गेम पार्लरमधे ती कशी आपटली ते मी समोर बसून बघितलंय, आणि गेम भंगार होती म्हणून आपटली असं मला तेव्हाही वाटलं नव्हतं.

आमच्याकडे टेकन म्हणजे टेकन ३, बस. पीएस१ वर १९९८ ला आलेली. पार्लरवाल्याने पीएस२ आणला तरी त्याच्यात पीएस१ च्या सीड्या चालतात ना, मग काय, नव्या मशीनवर पण पोरं तीच लावायची. त्यात एक लफडं होतं, पीएस२ चं ८ एमबीचं मेमरी कार्ड पीएस१ च्या गेमला चालत नाही, त्याला जुनंच कार्ड लागतं, आणि ते काही पार्लरवाला घेईना, त्यामुळे दुकान उघडलं की रोज तेच सुरुवातीचे १० कॅरेक्टर, दुपारपर्यंत कोणीतरी गेम संपवून संपवून बाकीचे उघडायचा आणि मग लोडशेडिंगची वेळ झाली की लाइट गेली आणि सगळे परत गायब. म्हणून ते १० जण सगळ्यांना तोंडपाठ. ज्याला काहीच येत नाही त्याने एड्डी घ्यायचा आणि लाथांची दोन बटनं ठोकत राहायची, तो जमिनीवर लोळून गिरक्या घेत अशा लाथा घालतो की समोरचा कितीही प्रॅक्टिसवाला असो, हैराण. पॉलवाल्याचा एक ठोसा बसला की अर्धी लाइफ गेली समजा. मैदानाला भिंत नाही, शेवट नाही, मागे सरका तेवढं सरका. हरला तो उठला, पुढच्याला रिमोट दे.

आता अशा ठिकाणी टेकन ४ आली. आर्केडला, म्हणजे नाणं टाकून खेळायच्या मशीनवर २००१, पीएस२ वर २००२, आमच्याकडे अर्थातच बरीच नंतर. पहिल्या दिवशी गर्दी झाली हाव, ग्राफिक्स बघून पोरं वेडी झाली. मॉल, बीच, जंगल, एअरपोर्ट, आणि हेइहाची चक्क लंगोट लावून उभा, आखाड्यात उतरल्यासारखा. आणि मग लोक खेळायला बसले.

पहिला झटका एड्डीचा. सिलेक्ट स्क्रीनवर एड्डी नाहीच, त्याच्या जागी ख्रिस्टी म्हणून पोरगी. लाथा त्याच आहेत, आणि एड्डी पण आहे, पण ख्रिस्टीचा दुसरा ड्रेस असावा तसा लपवून ठेवलेला, आधी तिची स्टोरी संपवा मग तो मिळणार. हे पार्लरमधे कोणाला माहीत असणार? ओगर नाही, मोकुजिन नाही, गन जॅक नाही. त्याच्या आधीच्या टेकन टॅगमधे ३० च्या वर कॅरेक्टर होते, त्याच्यापुढे ही गेम रिकामी वाटायची. नवा आला स्टीव फॉक्स, बॉक्सर, आणि त्याची लाथेची बटनं दाबली तर तो लाथच मारत नाही, इकडेतिकडे झुकून वार चुकवतो. एक पोरगा नुसता लाथेचं बटन ठोकतोय आणि स्टीव नुसता डोलतोय, समोरच्याने त्याला धू धू धुतला, आणि रिमोट ठेवताना तो म्हणे "हाई काय शे रे भो!" त्याची काही चूक नाही म्हणा, कोणी सांगणार तर पाहिजे.

पण खरी गोची जमिनीची आणि भिंतींची आहे. गेम बनवणाऱ्या नामको कंपनीने या गेममधे पहिल्यांदा भिंती घातल्या आणि काही ठिकाणी जमीन वरखाली केली. ऐकायला मस्त वाटतं, पण टेकनमधे मजा कशाची असते, समोरच्याला हवेत उडवायचं आणि खाली पडायच्या आत मारत राहायचं. हे सगळं उंचीच्या हिशोबावर चालतं. चढावर उभे असलात की तोच कॉम्बो, तेच टायमिंग, आणि तिसरा ठोसा नुसता हवेत जातो. वर भिंतीत कोपऱ्यात सापडलात तर उठूच देत नाहीत, मागे सरकायची सवय असलेल्या पोरांना तर कळेनाच की आपण अडकलोय कशाला. भिंत ही मुळात चांगलीच आयडिया आहे, पुढच्या टेकनमधे ती राहिली. जमीन मात्र टेकन ५ मधे परत सपाट केली, म्हणजे काय ते समजा.

आणि जिन. टेकन ३ चा जिन जसा खेळायचा तसा ठेवलाच नाही, त्याला नवीन कराटे दिली, आणि ती इतकी पॉवरफुल झाली की ज्याला जिन नीट जमला त्याच्यापुढे बाकीच्यांनी काय करावं. आमच्याकडे कोणाला तेवढा जमला नाही ते बरं.

तरी पण एक सांगतो, घरी एकट्याने बसून खेळायला ही वाईट नाही. स्टोरी मोडमधे प्रत्येकाची सुरुवातीची गोष्ट हाताने काढलेल्या चित्रांवर सांगितलीय, काझुया, म्हणजे जिनचा बाप आणि हेइहाचीचा पोरगा, परत आलाय, बापलेक आणि आजोबाची भानगड इथे जितकी नीट कळते तितकी टेकन ३ मधे कळत नाही. टेकन फोर्स पण आहे, गुंडांच्या टोळ्या मारत पुढे जायचं, दोन-चारदा बरं वाटतं. टेकन ३ चा बॉलवाला खेळ नाही, टॅगची बोलिंग पण नाही, ती शोधत बसू नका.

दोस्त येणार असतील तर मात्र टेकन ५ शोधा, पीएस२ वर २००५ ला आलीय, त्याच सीडीत टेकन १, २, ३ ची आर्केड व्हर्जन पण आहेत. फक्त शेवटचा बॉस जिनपाची डोकं उठवतो, त्याला शिव्या द्यायची तयारी ठेवा. आणि ४ लावलीत तर आधी ख्रिस्टीची स्टोरी संपवून एड्डी काढा, मेमरी कार्डवर सेव्ह करा, आणि दोघांत खेळताना सपाट जमिनीचं स्टेज घ्या.